इतर

तक्रार अर्ज माझ्या टेबलावर आला,
कोपऱ्यावर शेंगदाण्याच्या चटणीचं बोट.
राजारामपुरी, अकरावी गल्ली.
"वरच्या मजल्यावरील श्री. नेमगोंडा मगदूम यांनी
गच्चीवर कसला तरी सांगाडा उभा केला आहे.
चार वाजता त्याची सावली आमच्या सांडग्यांवर पडते.
शिवाय डोकं दुखतं."
सही, पद्मजा चौगुले.

नगररचनेत मला एकोणीस वर्षं झाली.
बाल्कन्या मोजल्या, जिने मोजले,
रस्त्यात आलेले देवांचे ओटे
नुसते मोजून, नमस्कार करून परत आलो.
पण एखाद्याचं बोलणं किती उंच जाऊ द्यायचं
हे कधी टेपवर घेतलं नव्हतं.

मगदूम उद्यमनगरातले जुने टर्नर.
दिल्लीचा परवाना दाखवला, लॅमिनेशन केलेला.
"सरकारनं बोलायची परवानगी दिलीय.
तुम्ही फक्त उभं राहायची द्या."

पाहणीच्या नमुन्यात चार रकाने.
पाण्याची टाकी, जाहिरात फलक, मोबाईल टॉवर, इतर.
मी इतरवर खूण केली.
कठड्यापासून चार मीटर वीस. नियमात तीन.
म्हणजे दुसरीतलं एखादं पोर जादा,
हात वर न करता.

पुराचं ते काहीच बोलले नाहीत.
चौगुले बाईंनीच मला जिन्यात गाठलं.
"पाणी आलं तवा रातभर बॅटरीवर निरोप दिले ह्यांनी,
नाही म्हणत नाही मी.
पण पूर काय रोज येतोय?
सावली रोज येती, साहेब."
नियमावलीत यावर काही नाही.

निघताना मगदूमांनी स्टूल पुढं केलं, बटण फिरवलं.
आधी भजी तळल्यासारखा आवाज,
मग त्या तळणातून एक माणूस वर आला.
जपानातला, म्हणाले, मासळीच्या बंदरातला.
विचारत होता, तुमच्याकडं हवा कशी आहे.
मगदूम उठून खिडकीशी गेले,
खरोखर आभाळ बघून आले,
आणि मग सांगितलं.
एवढंच.

नोटीस मी दिली. पंधरा दिवसांची.
सोळाव्या दिवशी गेलो तर
खांबाच्या बुडाशी बिजागरी, स्वतः लेथवर कातलेली.
सांगाडा गच्चीवर आडवा, गुमान निजलेला,
आणि त्याच्यावर चौगुले बाईंच्या दोन चादरी वाळत.
"रात्री दहाला उठवतो, पाचला निजवतो.
दिवसा उंची शून्य. लिहा की."

लिहिलं. पाहणीवेळी उंची नियमात.
पाहणी कार्यालयीन वेळेतच होते.

आता जेवण झालं की कधीकधी
स्कूटर अकराव्या गल्लीतून काढतो.
वर असतो तो, चार मीटर वीस, अंधारात काटकुळा.
परवा ढग होते, पन्हाळ्याच्या अंगाला थोडी वीज.
गाडी स्टँडवर लावून
मी नीट बघून ठेवलं,
कुणी विचारलं तर असावं म्हणून.