दोन सूत

औसा रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
हॉल आणि माझी खोली यांच्यामध्ये
सुताराच्या पोरांनी दोन दिवसांत भिंत उभी केली.
पत्र्याच्या पट्ट्या, त्यावर जिप्समचे बोर्ड, स्क्रू.
आत हवा, आणि पंख्याची एक वायर.

मौलासाब गवंडी आले. चप्पल दाराबाहेर.
बोटाचं पेर वाकवून त्यांनी भिंतीला विचारलं: टक टक.
भिंत रिकाम्या डब्यासारखी बोलली.
"ह्याच्यावर चुना? कागदाय हे, बाई."
मी म्हटलं, म्हणून तर तुम्हाला बोलावलं.
पुट्टी काय, कोणीही फासतं.
मला हात ठेवला की गार लागणारी भिंत हवी.

चुना तीन आठवडे आधीपासून बाल्कनीत होता,
निळ्या ड्रममध्ये, नळाच्या पाण्यात,
जे आमच्याकडे दहाव्या दिवशी येतं.
वर चार बोटं पाणी कायम ठेवा, असं बजावलेलं.
समोरच्या कुलकर्णीणबाई विचारायच्या, एवढं दही कोणासाठी?

आधी सांध्यांवर जाळीची पट्टी.
मग वाळू घातलेलं चिकट अस्तर,
ते वाळल्यावर मांजराच्या जिभेसारखं लागलं तळव्याला.
मी सवयीनं मग भरून आणला शिंपडायला.
मौलासाबनी मनगट धरलं नाही, नुसतं बघितलं.
"दगडाला पाजायचं असतंय. हे पिलं की फुगतंय."

पहिला हात बसला. करडा, ओला, थापीच्या कमानी दिसणारा.
मला हाव सुटली.
म्हटलं, बोटभर जाड द्या. ठोकलं तर दगड वाटू दे.
"दोन सूत."
पैसे वाढवून देते की.
"दोन सूत, बाई. पैशाचं न्हाई. तिला पेलनार न्हाई."

चहाला बसले तेव्हा बशी जमिनीवर ठेवून,
माझ्याकडे न बघता, घमेल्याकडे बघत:
"सोळाचा होतो. गावात दोन-दोन हात रुंद भिंती,
दगड नि पांढरी माती. त्यातल्या सात मी रचलेल्या, बापासंगं.
गणपती बुडवून लोक निजले होते."
बशी उचलली. फुंकर घातली. पुन्हा ठेवली.
"लई भरीव वाजायच्या त्या भिंती."

शेवटचा हात संध्याकाळी.
वस्त्रगाळ चुना, संगमरवराची भुकटी,
पोलादी थापी, आणि नेमकी लाईट गेली.
मी मोबाईलचा उजेड धरला.
"समोरून नको, तिरका धरा, भिंतीला चिकटून.
समोरून समद्याच भिंती सरळ दिसत्यात."
तिरका धरला तर काय काय दिसलं:
टेकड्या, ओढे, एका केसाची रेघ,
माझ्या हाताचं थरथरणं तिच्यावर मोठं होऊन.
थापी फिरत राहिली. टेकड्या बसत गेल्या.
रात्री दहाला ते म्हणाले, "आता हात लावू नका. चार दिस."
मी दुसऱ्याच दिवशी लावला.

नवव्या दिवशी दाराच्या कोपऱ्यात भेग.
धागाभर. तिरपी.
फोन केला तेव्हा आवाज चढला होता माझा.
ते आले, उकिडवे बसले, नखानं चाचपलं.
"सांधा हाललाय. भरत न्हाई आत्ताच."
कानावरची पेन्सिल काढली,
भेगेच्या टोकाला आडवी रेघ मारली,
शेजारी तारीख, अंगठ्याच्या नखाएवढी.

तशा तारखा मी वाचल्यात.
तिसरीच्या वर्गात, त्या वर्षी, फळ्याच्या दोन्ही बाजूंना.
कोणीतरी पाहुणा साहेब लिहून गेला होता
आणि बाईंनी आमचे बेंच भिंतीपासून
हातभर आत ओढून घेतले, कारण न सांगता.
आम्ही पाढे म्हणताना आकडे तिथलेच बघायचो.

भेग अजून रेघेच्या अलीकडे आहे.
मार्चात बोर्ड तापून कुरकुरले तेव्हाही तिथंच.
पोछा मारणारी सिंधू तारीख पुसायला निघाली होती,
मी ओरडलेच तिच्यावर; मग तिला बसवून चहा दिला.

ड्रममध्ये वीतभर चुना उरलाय.
नळ आला की आधी त्याच्यावर चार बोटं पाणी घालते,
मग माठ भरते.