शनिवार

भुवईवरची ही खूण एकोणऐंशीची,
ग्रिम्झबी स्टेशनामागच्या बोळातली.
घासून धार लावलेलं नाणं.
फेकणारा दिसलाच नाही,
नुसता मफलर दिसला, काळा-पांढरा.

तेव्हा पायऱ्यांवर इतके खेटून उभे असायचो
की गोल झाला तर पाय जमिनीवर नसायचे.
मागचा कुणी खुशाल माझ्या खिशात मुतायचा.
ऊब वाटायची, खोटं कशाला बोलू?

मीही लाथा घातल्या.
एक पोरगा चिखलात चष्मा चाचपत होता,
त्यालाही.

आता शनिवारी डायलिसिस.
शेजारच्या खुर्चीत वेंडल क्रॅग, ग्रिम्झबीचा.
"भुवईला काय झालं?"
सांगितलं.

तो बराच वेळ नळीतलं रक्त बघत राहिला.
मग चष्मा काढून पुसत बसला,
आणि म्हणाला,
स्कोअर काय झाला रे?