डावा बाण

लीलाधर ठावरीच्या मोबाईलच्या दुकानात,
वडकीच्या बसस्टँडमागे,
चार्जरच्या गुंत्याखाली ती चटई अंथरलेली असायची.
प्लास्टिकची, चार बाणांची.
पाच रुपयांत एक गाणं.
चपला बाहेर.

गाणी बरीच होती, पण आम्हाला एकच लागायचं,
ज्यात निळ्या केसांची बाई आणि एक मिशीवाला
ताडाच्या झाडांखाली कंबर अशी घुसळायचे
की ट्विंकल उईके लाजून पडद्याकडे पाठ करून नाचायची
आणि तरी तिलाच गुण जास्त.
भाषा कुठली, ते लीलाधरलाही ठाऊक नव्हतं.
"बाहेरची हाय," म्हणायचा,
जसं पाऊस कुठला म्हटल्यावर म्हणतात.
बाई गायची, बैला, बैला,
मिशीवाला ओरडायचा, अर्रे बा!
एवढं कळत होतं.
बाकीचं कळून काय करायचं होतं?

डावा बाण मेलेला.
टाच आपटा, उडी मारा, दोघं मिळून उभे राहा,
वर लाल अक्षरांत तेच: मिस.
लीलाधरनं तो दोनदा उसवला,
आतून सरकीएवढा गंज निघाला,
फुंकर मारून परत शिवला.
मिस.
मग आम्ही डावीकडे पाय टाकणंच सोडलं.
उजवा, उजवा, मागं,
आणि डावा आला की एक पाय हवेत धरून
बगळ्यासारखं थांबायचं.

एकदा गोविंदा कोडापे रिचार्ज मारायला आला.
बोंड्यांकडे सालानं होता.
हातात कासरा, जोडी दाराशी उभी.
गाण्यात बैला ऐकलं आणि तो वळला.
बैलही वळले, असं ट्विंकल अजून शपथेवर सांगते.
"कोन बलावून राह्यलं बे?"
पोट्टे हसले, त्याला चटईवर ढकललं.
कंबर त्यानं हलवली नाही.
पाय मात्र,
काळ्या चिखलातून उपसून उपसून चालायची सवय असलेले,
उचलले की नेमके ठोक्यावर पडत होते.
परफेक्ट, परफेक्ट, पडदा इंग्रजीत ओरडत होता,
त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.
डावा आला.
आम्ही काही सांगितलेलं नसताना
त्यानं पाय हवेत धरला.
"डावा जरा आळशी हाय," म्हणाला,
"त्याले येळ द्या लागते."

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला
आम्ही लाकडी बैलांच्या दोऱ्या कमरेला बांधल्या
आणि मारुतीच्या पारासमोर
ते बाहेरचं गाणं लावलं.
प्रत्येकाच्या मागे चाकांचा बैल, शिंगांना बेगड.
मागं आलं की स्वतःचाच बैल घोट्यावर आपटायचा,
आई गं म्हणायलाही वेळ नाही,
लगेच थांब.
बावीस पोरं एका पायावर,
बावीस बैल चारी चाकांवर,
डफडंवाल्या सुकलालचाही हात वर तसाच.
बैला!
मग सगळं धाडकन पुढे.
सरपंचबाईंनी स्टीलचा डबा दिला,
सजावटीसाठी.

गेल्या महिन्यात नागपुरात
भाचीला घेऊन मॉलमध्ये गेले.
मशीन नवं, लोखंडी, कार्ड घासायचं.
गाणं वेगळं होतं, पण बाई त्याच गावची असावी,
तशीच बैलाला हाका मारत होती.
चारही बाण जिवंत.
उजवा, उजवा, मागं,
डावा हिरवा पेटला
आणि माझा पाय हवेत.
"मावशी, दाब ना!"
दाबला, अर्धा ठोका गेल्यावर.
मशीननं लिहिलं, लेट.
मिस नाही. लेट.

भाची म्हणाली, परत.
मी सँडल काढून कडेला नीट जोडीनं ठेवल्या.
गार्ड धावत आला,
मॅडम, इथं चपला घालून चालते.
मी म्हटलं, तुमचं चालत असेल.