चव्वेचाळीस हजार शंभर

आधी मी दोष दिला बर्फाच्या कारखान्याला.
आमचं केंद्र त्याच्याच माडीवर,
कॉम्प्रेसर लागला की टेबलावरची पेनं सरकतात.
मग खाऱ्या हवेला: जॅकवर हिरवं चढलं होतं,
ते स्पिरिटने पुसलं.
मग उंदरांना. मग इनास लोबोला,
कारण वायर ओढताना तो शीळ घालतो.

तरी दोन फायलींच्या सांध्यावर
टक्.
सुकट निवडताना नखाखाली काटा मोडावा, तेवढंच.
लोकांना ऐकू येत नसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

बुधवारी सव्वासातला
जानू केळुसकर चार मिनिटांचं बोलणं
तीन मिनिटं चाळीस सेकंदांत उरकून गेला.
उरलेले वीस सेकंद
वेंगुर्ल्यात कुणीच काही बोललं नाही.
पडद्यावरचा पट्टा मात्र सरकत होता,
संगणकाच्या लेखी जानू अजून बोलतच होता.

जानूला जाऊन सहा वर्षं झाली.
अंधारात नवाबागेच्या खाडीत होडी कशी घ्यायची
ते तो एका कॅसेटवर सांगून ठेवलेला.
मध्येच थांबतो, विडी पेटवतो,
काडी ओढल्याचा आवाजही आहे.

फोन आला. शेवंती केळुसकर.
"माझो घोव असो घायघायत कधी बोलाक नाय.
तुमी तेका कित्याक पळवतास?"

त्या रात्री एकेक फाईल उघडून मी तिची कुंडली बघितली.
कॅसेटवरून उतरवलेल्या:
सेकंदाचे चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे.
मोबाईलवरून आलेल्या: अठ्ठेचाळीस हजार.
काही वेव्ह, काही एमपीथ्री,
दोन-तीन अशा, की ज्यांना स्वतःची लांबीच माहीत नाही.
पायलीने मोजलेलं आणि शेराने मोजलेलं
एकाच कणगीत.
आणि साउंड कार्ड आमचं हट्टी,
मासळीचे भाव अठ्ठेचाळीसने वाचले गेले
की मागून येणाऱ्या जानूलाही तीच चाल लावतं.
एवढंच होतं. उंदीर निर्दोष.
इनासही, बहुधा.

दोनशे बारा फायली एका मापात आणायला पहाट झाली.
खाली लाद्या फुटत होत्या, कुणीतरी क्रेट आपटत होतं.
हेडफोन लावून जानू अथपासून इतिपर्यंत ऐकला.
काडी दोन मिनिटं दहा सेकंदांवर पेटली.
चारला चार.
सांध्यावर टक् नाही.
मी चहा केला आणि प्यायची विसरले.

शुक्रवारी पुन्हा शेवंतीबाई.
"आता बरोबर हा. तोच तो."
मग बराच वेळ नुसता तिच्याकडचा पंखा.
"पण बुधवारचो... तो पंचविशीतलो होतो गे.
माका बघूक इल्लो तेवा असोच बोललो,
फुडलो चाय गार झालो, तरी बोलताच हा.
तो पुसलस काय?"

काय सांगणार?
पुसायला तो कुठे साठवलेलाच नव्हता.
तो फक्त चुकीत होता,
चूक चालू होती तेवढा वेळ.

दुपारी, केंद्रावर कुणी नसताना,
मी कॅसेटवरची मूळ फाईल घेतली,
एकही तुकडा हलवला नाही,
फक्त तिच्या कपाळावरचा आकडा बदलला:
अठ्ठेचाळीस हजार.
धडधडीत खोटं.
चौदा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मुद्दाम.
आणि लावून पाहिलं.
आवाज वर गेला, हलका झाला,
खडकांची नावं एकमेकांवर चढायला लागली,
काडी मिनिटभर अठ्ठावन्न सेकंदांनंतरच पेटली,
जणू कुणीतरी वाट बघतंय आणि विडीत वेळ घालवायचा नाही.

ती यादीत टाकली नाही, हवेवर जाणार नाही.
पेनड्राइव्ह इनासच्या खिशात दिला,
नातवाच्या मोबाईलवर घालून दे म्हटलं.
तो जिना उतरला शीळ घालत.
कुठल्या सुरात, ते मी तपासलं नाही.