वाढले

गुरुवार, दुपारचे तीन. मुहर्रकच्या जुन्या गल्लीत
एका मोत्यांच्या व्यापाऱ्याचं घर, आता आमचा वर्ग.
एसी इतका गार की डॉ. विदाद शाल पांघरून शिकवतात,
आणि बाहेर गाड्यांच्या टपांवर ऊन तडतडतंय.
आम्ही सात जण. त्यातले दोन पेंगलेले.

पडद्यावर एकच पान. गलबताची कर्जवही,
एकोणीसशे एकतीस.
उजवीकडून नावं, नावांपुढे आकडे,
पाणबुड्यांचं देणं, दोर ओढणाऱ्यांचं देणं,
मेलेल्या बापाचं देणं मुलाच्या नावावर.
सगळ्यात खाली: स्वयंपाकी, हिंदी.
नाव नाही. देणं आहे.

"या पानातून कोण बोलतंय?"
हा त्यांचा दर आठवड्याचा प्रश्न.
इद्रिस म्हणाला, सावकार.
गदीर म्हणाली, माझे पणजोबा,
आणि हसली नाही. नाखुदा होते ते त्या गलबताचे.
(आमच्या जयगडला नाखवा म्हणतात.
समुद्राने शब्दाची एक कड घासली, एवढंच.)

मी समासाकडे बघत होते.
तिथे शाईची चार वेटोळी. सूची करणाऱ्याने
त्यांना म्हटलं होतं, लेखणीची चाचणी.
पण चाचणी करणारा माणूस
आधी शिरोरेषा ओढून मग तिला अक्षरं टांगत नाही.
मोडी होती ती. मी शिकले होते एका मे महिन्यात,
रत्नागिरीत, पंख्याखाली, नको नको म्हणत.

वाचलं मोठ्याने: तांदुळ वाढले.

मग जसंच्या तसं भाषांतर केलं, आणि तिथेच चुकले.
"म्हणजे रसद आली," इद्रिसने टिपून घेतलं. "मुबलक."
नाही रे बाबा.
आमच्यात संपलं म्हणत नाहीत.
बांगडी फुटत नाही, वाढते.
डब्याच्या तळाशी वाटी खडखडली
की तांदूळ वाढतात.

"आम्ही तांदळाला ऐश म्हणतो," गदीर म्हणाली.
आमच्याकडे ऐश म्हणजे चैन, मी म्हटलं.
तिने मनातल्या मनात दोन्ही जोडून पाहिलं असावं,
कारण पेनाचं टोपण लावायची विसरली.

"पुरावा?" डॉ. विदाद.
शब्दकोश नव्हता माझ्याकडे. वडील होते.
सित्र्याच्या छावणीत चारशे कामगारांचं रांधतात.
परवा मंगळवारी फोनवर म्हणाले,
तांदूळ वाढलेत गं, ठेकेदाराची गाडी आली नाही अजून,
ठेव आता, मग बोलतो.
वर्गात कोणी काही बोललं नाही.
पेंगणाऱ्यांपैकी एकाने डोळे उघडले.

"तारीख लिही," त्या म्हणाल्या. "वेळही.
आणि त्यांना विचार, नाव घातलं तर चालेल का."

रात्री विचारलं.
मागे पातेली घासल्याचा आवाज, कोणीतरी मलबारीत ओरडतंय.
नाव कशाला, म्हणाले.
असलं कोण वाचतं ते मला माहीत नाही,
पण कोणीतरी वाचतंच.
व्हिसा मार्चमध्ये आहे.
तू जेवलीस का?

तळटीप सतरा. दोन तास बसले तिच्यासमोर.
शेवटी जे लिहिलं ते असं:
स्वयंपाकी, हिंदी. फोनवर. मंगळवार.
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.

साडेअकराला गदीरचा निरोप आला:
मग त्यांनी दुसऱ्या दिवशी काय खाल्लं?
पुढच्या पानावर असेल ना?

असेल. पण पुढची तीन पानं
एकमेकांना चिकटलेली आहेत,
इथल्या दमट हवेने,
आणि सोडवायला माणूस मिळालेला नाही.