हत्यार हरवलेला देव

टाऊन हॉलच्या संग्रहालयात, काचेआड,
वीतभर उंचीचा एक परदेशी देव उभा आहे.
ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडला, पंचगंगेच्या काठी.
समुद्राचा मालक, आणि जन्म काढला नदीच्या मातीत.
उजवा हात वर. मुठीतलं हत्यार
कुठल्या शतकात निसटलं, कोण जाणे.

सातवी ब-ची एकेचाळीस पोरं घेऊन
मी त्याच्यासमोर उभी राहते
आणि वहीतून वाचते : ग्रीकांचा वीर.

आईबापांपैकी एक देव असावा.
पाळण्यातच साप चिरडलेले असावेत.
अंगावर एखादी जागा अशी,
आईनं जिथं धरून बुडवलं म्हणून कोरडी राहिलेली.
नावाची भूक. मरण लवकर.
मग थडगं, आणि थडग्यावर काळ्या मेंढ्याचं रक्त.
(रक्त म्हटल्यावर मागची पोरं पुढं आली.)

"बाई, आणि चांगलं असावं लागतं का?"
कस्तुरी घोलपेनं विचारलं.
वहीत ते नव्हतं.

दाराशी स्टुलावर सिदू मगदूम, पहारेकरी.
दोन्ही कान मुडलेले, भिजवून वाळवलेल्या जर्दाळूसारखे.
खिशातून साबणाचा वास.
"त्यो बारा कामांचा सांगा की, बाई.
मागल्या साली सांगितलासा."

सांगितला.
वेडाच्या भरात त्यानं स्वतःचीच पोरं मारली.
शुद्धीवर आला तेव्हा हात ओळखीचे वाटेनात.
देवळात गेला, तिथं कौल मिळाला :
तुझ्याहून लेच्यापेच्या राजाच्या दारी जा,
तो सांगेल ते कर.
सिंह, डुक्कर, पाताळातला कुत्रा.
एकदा तर गोठा साफ केला, तीस वर्षं न काढलेला.
"शेणबी?"
"हो, शेणसुद्धा."
"मग बराबर," सिदू म्हणाला
आणि काचेवरचे पोरांचे हात पुसू लागला.

पोरं रांगेत लागेपर्यंत तिकीटवाल्या आवळ्यांनी सांगितलं.
खासबाग. साल त्यांना आठवत नाही, हलगी आठवते.
समोर दस्तगीर मुजावर. आठवड्यापूर्वीच
दोघांनी एका गाड्यावर मिसळ खाल्लेली,
पैसे कुणी द्यायचे यावरून भांडलेले.
विसाव्या मिनिटाला सिदूचा कलाजंग बसला.
मैदान उठलं. फेटे उडाले. पंचानं हात वर धरला.
दस्तगीर तेवढा उठला नाही.

लाल मातीत ताक असतं, तेल असतं, हळद असते,
मऊ असते ती. मान मोडायची नाही असं म्हणतात.

गदा सिदूनं मोडीत घातली.
पैशाचं काय केलं, कुणी विचारलं नाही.
पुढं चौदा मैदानांची बोलावणी आली, गेला नाही.
बावीस वर्षं, पाच वाजता कुलूप लावलं
की बाबूजमालच्या मागच्या बोळात जातो.
दस्तगीरला उचलतो, तोच घेर, तीच पकड,
फक्त आता खाली अलगद ठेवायचं.
अंघोळ घालतो. कुशीवर वळवतो. पाठीला पावडर.
"आणि दस्तगीर काय म्हणतो?"
"बोलतच न्हाई त्याच्याशी. एक शब्द न्हाई.
पाणी लई कढत असलं तर
डोळं मिटतो, तेवढंच."

बागेतल्या झाडांवरची वटवाघळं सुटायला लागली होती.
सिदू फाटकाशी माझ्यासाठी थांबलेला.
"बाई, बारा कामं झाल्यावर सुटला का त्यो?"
मी म्हटलं, त्याला देव केलं म्हणतात.
वर, देवांच्या पंगतीत जागा दिली.
"देव ऱ्हाऊ द्या.
सुटला का, त्ये सांगा."

वही माझ्या हातात होती. उघडली नाही.
मागं बसच्या दारात आरडाओरडा झाला :
कुणीतरी कुणालातरी खांद्यावर घेतलं होतं,
बाकीचे टाळ्या पिटत होते.
"ठेव त्याला खाली!" मी ओरडले, "सावकाश! सावकाश ठेव!"

वळून पाहिलं तर सिदू सायकलवर टांग टाकून
उताराला लागला होता.
पाणी तापायला वेळ लागतो.