परिच्छेद सतरा

खुर्चीवर नवा टॉवेल टाकलाय, पांढरा,
कडेला अजून दुकानाचं लेबल.
विजयनगरच्या या तिसऱ्या मजल्यावरून
कृष्णा दिसत नाही. हळदीचा वास मात्र येतो
वारा यार्डाकडून असला की.
दारावर पाटी: श्रीमती वैजयंता मगदूम,
सहसंचालक, स्थानिक निधी लेखापरिक्षा.
जागा पुरेना म्हणून रंगाऱ्यानं
दीर्घ 'री' ऱ्हस्व करून टाकली.
पदभार घेतल्यावरचा पहिला आक्षेप
मी दारातच नोंदवला, मनात.

दुसरा आधीच नोंदवलेला होता.
जुन्या प्रलंबितांच्या गठ्ठ्यात, लाल नाडीखाली:
परिच्छेद सतरा. सन दोन हजार पाच-सहा.
पूरकाळात होडीभाडे रुपये अकरा हजार चारशे.
पावती नाही. प्रमाणक नाही. वसुलीस पात्र.
खाली सही. पंचविशीतली, पट्टीवर बसवल्यासारखी.
माझी.

ग्रामसेवक दस्तगीर मुजावर, हरिपूर,
निवृत्त होऊन बारा वर्षं. उपदान रोखलेलं.
बाहेर बाकावर बसलेत, पिशवीत पिशवी, तिच्यात कागद.
"साहेब बदलले की येतो," म्हणाले,
"तुम्ही सहावे. म्हंजे सहाव्या."
मला ओळखलं नाही त्यांनी.
सहीला चेहरा नसतो.

मी नियमाप्रमाणे विचारलं, पावती का घेतली नाही?
"मॅडम, आंबीनं वल्हं धरायचं का पेन?
आयर्विनला त्रेपन्न फूट पाणी.
खंडू आंबी आता हयात नाय,
होडी होती हिरवी,
नाकावर चुन्यानं डोळा काढलेला,
एकच. दुसऱ्या बाजूला काढायचा राहून गेला."

भोसलेनं चहा आणला, सोबत भडंग.
मी बशीकडे बघत राहिले.
तो एक डोळा
मी बघितलाय.
गावभागातल्या भाड्याच्या खोलीच्या जिन्याशी,
सातव्या पायरीला पाणी लागलेलं,
तेरा माणसं, एक शेळी,
आणि माझी आई, मांडीवर गॅसचा रेग्युलेटर घेऊन.
सिलिंडर राहिला, तो तेवढा काढून आणलेला,
पदरात, जसं काही तेच घर.
भाडं कुणी मागितलं नाही.
मला वाटलं, फुकट आहे.
तीन वर्षांनी शाई कोरडी करून मीच विचारलं,
कुणी दिलं? कशावरून?

आता एक हिरवी रेघ. 'परिच्छेद वगळण्यात यावा.'
तेवढा अधिकार या टॉवेलाला आहे.
पण मुजावर पुढे वाकून हळूच म्हणाले,
"एक सांगतो, लिहू नका. होडी हरिपूरच्या पैशाची,
पण दोन दिस ती सांगलीत फिरवली.
हद्द आमची नव्हती. माणसं वरडत होती."
आणि पटकन हात मागे घेतला,
भडंगाला लागलेला हात, तिखट.

हद्दीबाहेरील खर्च, हा वेगळा आक्षेप होतो.
कलम मला पाठ आहे.
त्या हद्दीबाहेर मी उभी होते.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं.
पंखा बंद करून मी टिपणी लिहायला घेतली:
'सदर होडीतून मी स्वतः प्रवास केला आहे.
सबब या परिच्छेदाचा निर्णय मी घेणे उचित नाही.
प्रकरण अन्य सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावे.
होडी होती, याची साक्ष
आवश्यक तेथे देण्यास मी तयार आहे.'

वाचलं. बरोबर होतं. व्याकरणही.
तपासणारा पहिल्यांदा हेच विचारेल,
मीही हेच विचारलं असतं:
आपण होडीत
कोठे बसलात?

'को' लिहून झालंय.
भोसले कुलूप घेऊन दारात उभा आहे.